गावभागातला समुद्र विश्रामबागला नेताना

(दृश्य : पहाट, अरुंद बोळ, छोट्या हत्तीचे मागचे दिवे)

पहाटेचे साडेचार वाजलेत. सांगलीच्या गावभागातली बोळ आहे ही, अजून दूधवाला पण फिरकला नाही आणि एका घरासमोर छोटा हत्ती लागलाय. शिफ्टिंग चाललंय म्हणावं तर गादी नाही, कपाट नाही, नुसते निळे ड्रम, सहा. समोरच्या काकूंनी खिडकीतून विचारलंच, "टँकर आलाय का ओ? कळशी आणू?"

काकू, पाणी आहे पण खारं आहे.

वरच्या मजल्यावर अण्णांच्या हॉलमध्ये समुद्र आहे. काचेच्या टाकीत, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. समुद्र इथून म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरी, पावणेदोनशे किलोमीटर तरी असेल, आणि हा माणूस तो घरात ठेवून बसलाय पाच-सहा वर्षं. आज तो हलणार. जायचंय विश्रामबागला, जेमतेम पाच किलोमीटर.

(दृश्य : जिन्यातली भिंत, रंगाखालून दिसणारी आडवी रेघ)

का हलवायचं, तर ही रेघ बघा. 2019 च्या महापुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटाला गेली की इशारा, 45 ला धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरगं पण सांगतं, आणि त्या ऑगस्टमध्ये ती 57 च्या वर गेली. तेव्हा अण्णांची टाकी खालच्या मजल्यावर होती, गोड्या पाण्याची, गप्पी, एंजल असले मासे. पूर ओसरल्यावर दार उघडलं तर टाकी पालथी आणि मासे गायब. अण्णा म्हणतात, "माझं मासं नदीत गेलं का नदीचं माझ्या घरात आलं, हिशोब लागंना."

मग लॉकडाऊनमध्ये वरच्या मजल्यावर मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, चालू केला आणि 2021 च्या जुलैत परत पूर. पाणी जिन्यापाशी थांबलं पण लाईट गेली. आयुष्यभर खांबावर चढून लोकांची लाईट चालू करून दिलेला माणूस, आणि स्वतःच्या टाकीचा पंप बंद. रात्रभर अण्णा आणि काकू, म्हणजे अण्णांच्या बायको, आळीपाळीने तांब्यानं पाणी वर उचलून परत टाकीत सोडत बसले, का तर पाणी हललं नाही की त्यातला ऑक्सिजन संपतो. काकू आजपण तो तांब्या दाखवतात. हाच तो, कड चेपलेला.

आता मुलानं विश्रामबागला फ्लॅट घेतलाय. दुसरा मजला. बाकी सामान गेल्या रविवारीच गेलं, चार तासात. ही एक टाकी राहिली, आणि हिची तयारी पंधरा दिवस चालली होती.

(दृश्य : टाकी जवळून, निळा उजेड, क्लाउनची जोडी अ‍ॅनिमोनमध्ये)

ती नारंगी पांढऱ्या पट्ट्यांची जोडी, क्लाउन मासे, आणि ते ज्यात बसलेत तो अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा डसणारा समुद्री प्राणी. मोठी दिसते ती मादी, आणि गंमत अशी की ही आधी नर होती, क्लाउन सगळेच आधी नर असतात आणि घोळक्यात जो दादा होतो तो मादी होतो. ही बया अण्णांचा हात टाकीत गेला की चावते. पाच वर्षं खायला घालतोय पण चावतेच. लक्षात ठेवा हिला.

मागे छत्रीसारखं दिसतंय ते लेदर कोरल, खाली बटणांसारखे झोआ, कोपऱ्यात मशरूम. सगळे मऊ प्रवाळ. लोक विचारतात इंटरनेटवर बघतो तसले कडक रंगीत फांद्यांचे प्रवाळ का नाहीत, तर ते ठेवायचे नसतात भावांनो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कडक प्रवाळ अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि समुद्री घोडा पण त्याच रांगेत. मालवणला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर मेलेला तुकडा कुणी विकायला आणला तरी घेऊ नका. अण्णांचे हे मऊवाले पुण्यातल्या एका मित्राच्या टाकीत वाढलेले, अ‍ॅनिमोन त्याच्याच टाकीत एकाचे दोन झाले त्यातला एक, आणि क्लाउन पैदाशीचे. आपल्या देशात तमिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथं क्लाउनची पिल्लं टाकीत जन्माला घालायचं तंत्र कधीच बसवलंय. मग समुद्रातनं ओरबाडलेला मासा दोनशे रुपये स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा कशाला? असो, टाकीकडे येऊ.

(दृश्य : दगड, एकदम जवळून)

आणि हा दगड. व्हिडिओत सगळ्यात कंटाळवाणी दिसणारी गोष्ट हीच, पण आज हलवायचंय ते हेच, बाकी सगळं हमाली. मासा कल्ल्यातून अमोनिया सोडतो, खाल्लेलं उरतं ते कुजून अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे विष. ह्या दगडाच्या भोकाभोकात जिवाणू बसलेत, एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट, तो बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही फौज उभी राहायला महिना-दीड महिना जातो आणि मरायला एक दुपार पुरते. दगड वाळला, तापला, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं धुतला, की संपलं. म्हणून एप्रिलातली पहाट. सांगलीची एप्रिलातली दुपार काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

बरेच जण उलटं करतात, जुनं पाणी तीर्थासारखं थेंबन्‌थेंब भरून नेतात आणि दगड घासूनपुसून लख्ख करतात. जिवाणू पाण्यात फार नसतातच, दगडाला चिकटलेले असतात. जुनं पाणी न्यायचं ते एवढ्याचसाठी की प्राण्यांना एकदम नवीन पाण्याचा झटका बसू नये. अण्णा दीडशे लिटर जुनं नेणार आणि अडीचशे लिटर नवीन, ते चार दिवस आधीच नव्या घरी बनवून ठेवलंय, आरओचं पाणी, त्यात लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबानं समुद्री मीठ, म्हणजे नऊ किलोच्या आसपास, आणि आत पंप सोडून सतत ढवळत. काकूंचं म्हणणं, "एवढ्या मिठात आमचं चार वर्साचं लोणचं झालं असतं."

(दृश्य : पाइपनं ड्रममध्ये पाणी)

पहिलं काम, वरचं स्वच्छ पाणी काढून घेणं, खालची वाळू हलायच्या आधी. ड्रम साबणानं धुतलेले नाहीत, एक ड्रम वासावरून परत पाठवला, त्यात कधीतरी फिनेल होतं.

मग प्रवाळ. अण्णांनी हातमोजे घातलेत, गॉगल लावलाय, पोरं हसतायत. हसू नका. झोआच्या काही जातीत पॅलिटॉक्सिन असतं, जखमेतून गेलं, डोळ्यात उडालं तर दवाखाना. हे झोआ लागलेले दगड उकळायचे तर कधीच नाहीत, वाफेतून लोक आजारी पडलेत.

अ‍ॅनिमोन दगडातल्या खाचेत पाय रोवून बसलाय. ओढायचा नाही, पाय फाटला तर तो बहुधा जगत नाही. अण्णांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि मग अख्खा दगडच उचलला, आठ-नऊ किलोचा, अ‍ॅनिमोनसकट, आणि त्याला वेगळा ड्रम दिला, दुसऱ्याला डसायला नको म्हणून. हा शॉट आम्ही दोनदा दाखवतोय कारण दुसऱ्यांदा बघाल तर मादी क्लाउन दगडाबरोबर वर येते, पाण्याबाहेर यायला एक इंच राहिल्यावर सोडते.

दगड सगळे बाहेर आले की मगच मासे, लपायला जागा उरत नाही ना. क्लाउन दोन, ब्लेनी एक, डॅमसेल एक, लाल-पांढरी कोळंबी एक. आले सगळे पटापट. मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या डब्यात पिशव्या ठेवल्या, म्हणजे ज्या डब्यातून सुरमई सांगलीला आली त्याच डब्यातून क्लाउन विश्रामबागला निघाले.

पिवळा कुठाय?

(दृश्य : रिकामी टाकी, वाळू, अण्णांचा हात)

पिवळा कोरिस रॅस. पिवळाधमक, बोटाएवढा मासा. हा रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतो आणि उजाडल्यावर उठतो, हे अण्णांना माहीत होतं, आम्हाला पण माहीत होतं, आणि तरी आम्ही पहाटे साडेचारला आलो. ऊन टाळायच्या नादात झोपेतला मासा कुणाच्या डोक्यातच आला नाही. मग काय, अर्धा फूट पाण्यात वाळू चाचपायची. आणि पाच वर्षांची वाळू, खालचा थर काळा. हात घातला तसा सडलेल्या अंड्याचा वास आला, तो हायड्रोजन सल्फाइड, पाणी चहासारखं झालं. एक पोरगं नाक धरून गॅलरीत गेलं. अण्णा तिसऱ्या मूठभर वाळूला थांबले, ओंजळ तशीच वर आणली, आणि बघा, बोटांच्या फटीतून पिवळं.

"घावला."

वाळू टाकून द्यायची असं आधीच ठरलेलं. नव्या घरी नवीन वाळू, त्यात जुन्या वाळूचा वरचा वाटीभर थर, विरजणासारखा.

(दृश्य : चार पोरं, पट्टे, जिना)

रिकामी टाकी नव्वद किलो, 12 मिलिमीटर काच. तळाला दोन इंच पाणी राहू दे म्हणणारा एक असतोच, इथंपण होता. पाणी हेलकावतं, तळाची काच वाकते, सिलिकॉनचा जोड सुटतो. पार कोरडी केली. जुन्या घराचा जिना, एक वळण, वर लाकडी तुळई.

"ए, दमानं. दमानं रं. काच हाय, म्हैस न्हवं."

सतरा पायऱ्यांना बारा मिनिटं लागली. आम्ही सगळी ठेवलीत, पुढे ढकलू नका.

गाडीतला शॉट नाही, कारण आमचा कॅमेरावाला मागे ड्रमला मिठी मारून बसला होता. पुष्पराज चौकातून पुढं जाताना एक स्पीडब्रेकर जोरात लागला एवढं तो सांगतो, त्याचा शर्ट ओला दिसेल पुढच्या दृश्यात.

नवी बिल्डिंग. लिफ्ट चार माणसांची, टाकी बसत नाही, परत जिना. दुसरा मजला.

(दृश्य : स्टँड, पाणसळ, बुडबुडा)

इथं मिस्त्री थांबलेत पाणसळ घेऊन. पाणी, काच, दगड, स्टँड धरून वजन सहाशे किलोच्या वर जाणार, म्हणून स्टँड भिंतीलगत, खाली बीम आहे तिथं. फरशीला गॅलरीकडे उतार निघाला. दोन-चार मिलिमीटरनं काय होतंय असं मलापण वाटलं होतं, पण भरलेल्या टाकीत पाण्याची रेघ तिरकी दिसते आणि जोर एका कोपऱ्यावर येतो. पाचर टाकीखाली नाही मारायची, स्टँडच्या पायाखाली. मिस्त्रींनी ती अर्धा तास मारली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत, आणि मग पहिल्यांदा चहा मागितला.

नंतर दगड, मग पाणी, मग वाळू. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35, थर्मामीटरवर 26. ह्याच दोन आकड्यांची जुळणी करायची पिशवीतल्या पाण्याशी, म्हणून पिशव्या आधी तरंगत ठेवल्या, मग बारीक नळीनं थेंब थेंब नवीन पाणी पिशवीत. तासभर. काकू देवघर लावत होत्या पलीकडे, पंप चालू झाल्याचा आवाज आला तशा हातातली समई ठेवून बघायला आल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मासे पाण्यात.

पुढचे आठ दिवस आम्ही येऊन-जाऊन होतो. अमोनियाची टेस्ट दुसऱ्या दिवशी किंचित हिरवट आली, म्हणजे थोडा अमोनिया आहे, अण्णांनी पंचवीस टक्के पाणी बदललं, चौथ्या दिवशी स्वच्छ पिवळी. पिवळा रॅस त्याच चौथ्या दिवशी गेला, ते शूट केलेलं नाही. लेदर कोरल आठवडाभर मिटून मेणचट दिसत होतं, मग वरची कात टाकली आणि उघडलं, ते हे.

(दृश्य : रात्र, निळा उजेड, अण्णा बनियनवर, हात टाकीत)

मादी क्लाउन मात्र आल्यापासून पाइपच्या मागे. खात नव्हती, अ‍ॅनिमोनकडे फिरकत नव्हती. नवव्या रात्री अण्णा वेव्हमेकरची, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंख्याची, दिशा बदलायला कोपरापर्यंत हात घालून उभे आहेत, नर एकटाच अ‍ॅनिमोनमध्ये, आणि डावीकडून बघा, पाइपमागून ती येते, सरळ, अंगठ्याच्या बाजूला.

"आई गं! चावली की ओ ही." हात तसाच पाण्यात. "काकूला बोलवा. चावली म्हणावं."