स्वतःशीच खेळून शिकलेला जोडीदार

अल्फागो झीरो हा संगणक-प्रोग्राम 2017 मध्ये आला, तो माणसांचा एकही डाव न बघता, निव्वळ स्वतःशी खेळून 'गो' हा दोघांनी खेळायचा पटावरचा खेळ शिकला होता. मग माणसाच्या बरोबरीने काम करणारा एजंटही (स्वतः निर्णय घेऊन कृती करणारा प्रोग्रामही) असाच घडवता येईल, असं अनेकांना वाटलं. तसं होत नाही.

'गो'मध्ये एकाची जीत ती दुसऱ्याची हार. समोरचा उत्तमच खेळेल असं धरून चाललात आणि तो चुकला, तर फायदा तुमचाच. सहकार्यात गुण दोघांचे मिळून असतात. जोडीदार अचूक वागेल असं धरलं आणि तो वागला नाही, की दोघंही बुडतात.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायका कॅरल, रोहिन शाह, अंका ड्रॅगन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हे मोजून दाखवलं. 'ओव्हरकुक्ड' या व्हिडिओ गेमची त्यांनी एक सोपी आवृत्ती बनवली. चौकटींचं छोटं स्वयंपाकघर, दोन खेळाडू. भांड्यात एकेक करून तीन कांदे टाकायचे, सूप 20 टप्पे (एक टप्पा म्हणजे खेळातली एक क्रिया करण्याइतका वेळ) शिजू द्यायचं, ताटलीत घेऊन खिडकीवर पोचवायचं. सूपमागे 20 गुण, तेही सामायिक. चार दिशा, थांबणं आणि उचल-ठेव, एवढ्या सहाच क्रिया.

यातला एक नकाशा कड्यासारखा आहे. मध्ये ओटा आणि भोवती एका माणसापुरती वाट. स्वतःशी खेळून तयार झालेली जोडी एकच दिशा धरते आणि न धडकता फिरत राहते. आता एकाच्या जागी माणूस बसवा. तो सहज उलट्या दिशेने निघतो, दोघं समोरासमोर येतात, आणि एजंट अडून बसतो. प्रशिक्षणात हा प्रसंगच त्याच्यावर आलेला नसतो. त्याच्या लेखी कोणी असं चालत नाही!

उपाय सांगायला सोपा आहे. दोन माणसांचे डाव नोंदवायचे, त्यांवरून माणसाची नक्कल करणारं मॉडेल बनवायचं, ते गोठवून (पुढे न बदलता) जोडीदार म्हणून ठेवायचं आणि त्याच्यासोबत एजंटला रिइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे मिळणाऱ्या गुणांवरून, शिकवायचं. करायला गेलं की अडचणी दिसतात. नक्कल करणारं मॉडेल कोपऱ्यात अडकतं आणि तीच क्रिया करत राहतं. म्हणून सलग तीन टप्पे जागचं हललं नाही, तर वेगळी क्रिया करायला लावावी लागते. काही नकाशांत सुरुवातीला सेल्फ-प्ले (स्वतःशी खेळणं) ठेवून हळूहळू नकलेकडे वळावं लागतं, कारण अगदी नवशिक्या एजंटला अशा जोडीदाराबरोबर गुणच मिळत नाहीत, मग शिकणार कशावरून? आणि डेटाचे दोन भाग हवेतच: एका भागावरचं मॉडेल प्रशिक्षणासाठी, दुसऱ्यावरचं चाचणीसाठी. भाग पाडताना माणसं वेगळी करा, डावातले टप्पे नव्हे. एकाच माणसाचे टप्पे दोन्हीकडे गेले, तर चाचणीतले गुण खोटे फुगतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वाधिक नासाडी इथेच होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

असा एजंट माणसांसोबत स्वतःशी खेळून शिकलेल्यापेक्षा एकंदरीत सरस ठरला, पण सगळ्या नकाशांत सारखा नाही. 2021 मध्ये डीपमाइंड या एआय कंपनीने मानवी डेटाशिवायचा मार्ग दाखवला: वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातीवर) अनेक एजंट तयार करायचे, प्रत्येकाच्या कच्च्या, अर्धवट आणि पूर्ण शिकलेल्या अवस्था जपायच्या आणि या साऱ्या गोतावळ्यासोबत नवा एजंट घडवायचा. कच्चे जोडीदार इथे मुद्दाम लागतात. माणूसही डावाच्या सुरुवातीला कच्चाच असतो.

प्रयोग स्वतः करणार असाल तर भाग घेणाऱ्या माणसांना सरावाचा डाव द्या, एजंटांचा क्रम प्रत्येकासाठी बदला, दोन्ही सुरुवातीच्या जागा तपासा. फक्त एकूण गुणांवर जाऊ नका. गुण चांगले आणि सगळे कांदे एजंटनेच टाकलेले, माणूस कोपऱ्यात उभा, असंही घडतं. म्हणून कोणी किती कांदे टाकले, किती ताटल्या नेल्या, किती टप्पे वाट अडून गेले, हे वेगळं नोंदवा. एजंट टप्प्यागणिक निर्णय घेतो, माणसाचं बोट तेवढ्या वेगाने चालत नाही. तो वेग आवरला नाही, तर तुम्ही सहकार्य नव्हे, चपळाई मोजत बसाल.