स्मरणशक्ती एकच नसते

विषय दिलाय ‘मेंदू शिकतो कसा’, त्यावर येतेच, पण आधी एक बोलू द्या, शाळेपासून मनात आहे. कविता म्हणताना मी तिसऱ्या ओळीला अडखळायचे, तर बाईंनी आईला बोलावून सांगितलं, हिची स्मरणशक्तीच कमी आहे. आता मी सायकल एका दुपारी शिकलेले, एकदा बघितलेला चेहरा विसरायचे नाही, मग ते कशात धरायचं? तेव्हापासून ‘स्मरणशक्ती’ हा एकवचनातला शब्द मला टोचतो. माना हलतायत, म्हणजे तुमच्याही घरी झालंय हे!

ती एकच नसते हे एका रुग्णामुळे कळलं, हेन्री मोलेसन. सायकॉलॉजीवाल्यांना एच. एम. म्हणून माहिती असेल. लहानपणापासून आकडी यायची, औषधाने थांबेना, शेवटी १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, स्कोव्हिल नावाच्या सर्जनने मेंदूत दोन्ही बाजूंना आत खोल असतो त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराचसा तुकडा काढून टाकला. आकडी कमी झाली, पण नवीन काही लक्षातच राहीना. डॉक्टर बाहेर जाऊन परत आले की पुन्हा पहिल्यापासून ओळख. बुद्धी मात्र शाबूत, बोलणं नीट, लहानपणच्याही बऱ्याच आठवणी जागच्या जागी.

एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला दिला. पंधरा मिनिटं धरून ठेवला हो त्याने! कसा, तर ८ लक्षात ठेवायचा, सगळ्यांची बेरीज १७, त्यातून ८ गेले की ९, नवाचे दोन तुकडे ५ आणि ४, झाला ५८४. हे स्वतः समजावून सांगितलं, आणि मिनिटभरात आकडाही गेला, आकडा दिला होता हेही गेलं.

पण माझा खरा जीव पुढच्या प्रयोगात आहे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला कागदावर दुहेरी रेघेचा तारा दिला, दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात दिसणार फक्त आरशात. कोपऱ्यावर आलं की हात हमखास उलटीकडे जातो. तीन दिवस सराव झाला, रोज चुका कमी कमी होत गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी सफाईदार तारा काढून तो म्हणाला, मला वाटलं होतं अवघड असेल. हे आपण आधी केलंय याचा त्याला पत्ताच नाही, हाताला मात्र सगळं येत होतं! मग सांगा, त्याची स्मरणशक्ती होती की नव्हती?

पाच मिनिटं उरली अशी खूण होतेय, तर मूळ विषय भराभर घेते. घटना आणि माहिती नव्याने साठवायला हिप्पोकॅम्पस लागतो, हाताच्या सवयी बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजके आणि मागचा लहान मेंदू यांच्याकडे असतात, ५८४ घोळवत ठेवणं हे तिसरंच काम, त्यात कपाळामागचा भाग महत्त्वाचा. शिकणं म्हणजे पेशी-पेशींमधले जोड बळकट होणं, असे जोड बळकट होऊन तसे टिकतात हे १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं.

आणि अभ्यासाचं एक, २००६ चा रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे मिटा आणि आठवा, अडखळलात तरी चालेल, ते अडखळणंच कामाचं असतं, हे तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं.

आरसा आणि ताऱ्यांचे कागद इथे टेबलावर ठेवलेत. प्रश्न नंतर घेऊ, आधी एकेकाने येऊन तारा काढा, घाई करू नका, पहिल्या कोपऱ्यावर सगळेच अडकतात.