फर्नेस पेटत नाही म्हणून हीटर लावताय? मोटरहोममधली ऊब आणि आगीचा धोका

नमस्कार मंडळी. अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबे थँक्सगिव्हिंगच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यनसारख्या ठिकाणी जातात. तिथला दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबरात रात्रीचे तापमान सहज शून्याखाली जाते. अशा रात्री गाडी उबदार ठेवणारी गॅसवरची फर्नेस पेटली नाही, तर सर्वात सोपा वाटणारा उपाय म्हणजे दुकानातून एक इलेक्ट्रिक हीटर आणायचा, भिंतीतल्या सॉकेटला लावायचा आणि पांघरूण ओढून झोपायचे. आजचा व्हिडिओ नेमका या उपायाविषयी आहे. मोटरहोममध्ये फर्नेसची दुरुस्ती आणि आगीपासून बचाव हे दोन वेगळे विषय नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फर्नेस नीट चालली तर वीजजोडणीवर रात्रभर भार टाकण्याची वेळच येत नाही.

आधी थोडा हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या बऱ्याच गाड्यांची वीजजोडणी ३० अँपियरची असते. १२० व्होल्टला ३० अँपियर म्हणजे ३६०० वॅट, आणि एवढ्यात सगळे भागवायचे असते. (५० अँपियरच्या मोठ्या गाड्यांना १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाटांनी मिळून १२,००० वॅट मिळतात, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी.) साधा हीटर १५०० वॅटचा, म्हणजे साडेबारा अँपियर घेतो, पाणी तापवणाऱ्या टाकीतली विजेची कॉइल १४४० वॅटची असेल तर १२ अँपियर, मायक्रोवेव्ह सुमारे १३. हे तिन्ही एकदम चालू झाले, तर ब्रेकर पडेल. तो पडला म्हणून वैतागू नये, कारण त्याने आपले काम केलेले असते. भीती आहे ती ब्रेकर न पाडणाऱ्या भाराची. दोन हीटर वेगवेगळ्या सर्किटवर लावले की एकूण २५ अँपियर होतात आणि ३० चा मुख्य ब्रेकर निवांत बसून राहतो. अमेरिकेच्या वीजनियमांत मात्र तीन तास किंवा त्याहून अधिक काळ चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचा संकेत आहे. ३० अँपियरला ही मर्यादा २४ येते आणि १५ अँपियरच्या सर्किटला १२, म्हणजे एकच हीटर पूर्ण ताकदीवर रात्रभर ठेवला तरी त्या सर्किटची मर्यादा ओलांडली जाते.

[३० अँपियरचा प्लग कॅमेऱ्याजवळ धरावा]

गाडीची वीजतार कॅम्पग्राउंडच्या खांबावरच्या सॉकेटला जोडणारा हा प्लग आता नीट पाहा. याला दोन तिरप्या पात्या आणि अर्थिंगची एक गोल पिन आहे. या डाव्या पातीच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी झाले आहे, थोडे फुगले आहे, आणि पातीवर बारीक खड्डे पडून तिची चकाकी गेली आहे. असा प्लग दिसला, की तो पुसून पुन्हा वापरायचा नसतो, तो बदलायचा असतो. ब्रेकर फक्त प्रवाह मोजतो, सांध्यातली उष्णता त्याला कळत नाही. पाती आणि सॉकेट यांच्यातला संपर्क सैल झाला आणि तिथे अवघा ०.१ ओहम रोध निर्माण झाला, असे धरा. २५ अँपियरचा वर्ग केला आणि ०.१ ने गुणले, तर साडेबासष्ट वॅट येतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच ताकदीचे असते, आणि इथे ते रात्रभर प्लास्टिकला टेकवून ठेवल्यासारखे होते. प्रवाह मात्र २५ च आहे, म्हणून ब्रेकरच्या दृष्टीने सगळे आलबेल.

हे खड्डे पडतात कसे, तेही समजून घेतले पाहिजे. हीटर किंवा एसी चालू असतानाच प्लग खुपसला किंवा ओढला, की ठिणगी उडते. प्रत्येक ठिणगी पातीवर एक खड्डा आणि थोडी काजळी ठेवून जाते. खडबडीत पातीचा संपर्क आणखी कमी होतो, ती आणखी तापते आणि तापून तापून सॉकेटच्या आतली पकडही ढिली पडते. कॅम्पग्राउंडच्या खांबावरच्या सॉकेटमध्ये दर एक-दोन दिवसांनी नवा पाहुणा प्लग लावतो, शिवाय ते ऊनपावसात उघड्यावर असते, त्यामुळे ते पहिल्यापासूनच थकलेले असू शकते. म्हणून जोडताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद करावा, मग प्लग पूर्ण आत दाबावा आणि नंतर ब्रेकर चालू करावा. निघताना आतली उपकरणे, मग ब्रेकर आणि शेवटी प्लग, असा उलटा क्रम ठेवावा. भार सुरू केल्यावर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन प्लगच्या प्लास्टिकला हात लावून पाहावा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, किंवा माशासारखा उग्र वास येत असेल, तर ब्रेकर ताबडतोब बंद करावा, कारण काही प्रकारची प्लास्टिके जळण्यापूर्वी नेमका असाच वास सोडतात. सॉकेट सैल आढळले तर कॅम्पग्राउंडच्या कार्यालयाला सांगून जागा बदलून मागावी. त्यात संकोच कसला?

ज्यांनी स्वतःची गाडी घेतली आहे आणि घराच्या आवारात तिच्यासाठी सॉकेट बसवून घ्यायचे आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोटरहोमचे ३० अँपियरचे सॉकेट १२० व्होल्टचे असते, पण ते कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या ३० अँपियरच्या सॉकेटसारखे दिसते आणि ते यंत्र २४० व्होल्टवर चालते. चांगल्या अनुभवी इलेक्ट्रिशियननेही सवयीने २४० व्होल्ट जोडून दिल्याचे प्रकार घडतात आणि मग प्लग लावताच गाडीतली उपकरणे जळतात. पहिल्यांदा जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासून घ्यावे: फेज आणि न्यूट्रलमध्ये १२० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य.

गाडीच्या आत भिंतीतली सॉकेट घरातल्यासारखीच दिसतात, पण अनेक गाड्यांमध्ये ती वेगळ्या बांधणीची असतात. त्यांच्यामागे स्वतंत्र पेटी नसते आणि तार स्क्रूखाली आवळण्याऐवजी धातूच्या खाचेत दाबून बसवलेली असते. अशी जोडणी मान्यताप्राप्त आहे आणि दिव्याला किंवा चार्जरला ती पुरते. मात्र रस्त्यावरचे हजारो मैलांचे हादरे आणि त्यावर रात्रभर साडेबारा अँपियर, हे दोन्ही एकत्र आले की तिची कसोटी लागते. म्हणून हीटर लावायचाच असेल तर ७५० वॅटच्या खालच्या पायरीवर, थेट भिंतीतल्या सॉकेटला, पलंगपोस आणि पडद्यांपासून किमान तीन फूट दूर आणि आपण जागे असतानाच लावावा. एक्स्टेंशन बोर्डवर हीटर कधीही लावू नये.

हीटरचा आणखी एक तोटा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या गाड्यांमध्ये फर्नेसची गरम हवा फरशीखालच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत नेलेली असते, तिथे हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅट समाधानी होतो, फर्नेस चालूच होत नाही आणि खाली पाण्याचे नळ गोठतात.

आता फर्नेसकडे वळू. तिचा बिघाड ओळखायला कानांइतके उपयोगी हत्यार नाही, फक्त तिचा क्रम माहीत हवा. थर्मोस्टॅटने मागणी केली की काही सेकंदांनी पंखा सुरू होतो. पंख्याने पुरेसा वारा दिला, की त्या झोताने एक पातळ पत्री सरकते आणि तिला जोडलेला सेल स्विच (इथे सेल म्हणजे शीड) लागतो. त्यानंतरच नियंत्रण बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ‘टक टक टक’ असा ठिणगीचा आवाज येतो. ज्योत पेटल्याचे बोर्डला कळले नाही तर तो गॅस बंद करतो, अनेक मॉडेलांमध्ये तीनदा प्रयत्न करतो आणि मग थांबतो. म्हणजे क्रम कुठे तुटला ते ऐकले, की बिघाड कुठे आहे ते निम्मे कळते.

पंखाच लागत नसेल तर १२ व्होल्टचा फ्यूज, थर्मोस्टॅट आणि बॅटरी, एवढेच आधी पाहावे. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा घालावा. १५ च्या जागी ३० चा घालणे म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणे, आणि ती तार लाकडी फळीमागून गेलेली असते. नवा फ्यूजही उडाला तर तिथेच थांबून तंत्रज्ञाला बोलवावे.

पंखा फिरतो आहे, पण टकटक ऐकू येत नाही, हा प्रकार पहाटे फार होतो आणि बहुधा दोष फर्नेसचा नसतोच. बॅटरी उतरली की पंखा फिरतो खरा, पण मंद; पत्री पुरेशी सरकत नाही आणि गॅस उघडत नाही. फर्नेसला साधारण साडेदहा व्होल्ट तरी हवे असतात. ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राउंडवर वीजजोडणी नाही आणि जनरेटर ठरावीक वेळेतच चालवता येतो, त्यामुळे तिथे सगळी रात्र बॅटरीवर काढावी लागते. पंखा ८ अँपियर घेतो आणि निम्मा वेळ चालतो असे धरले, तर आठ तासांत ३२ अँपियर-तास खर्च होतात. १०० अँपियर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत असे मानतात, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप आणि फोनचे चार्जिंग धरले की फारसे काही उरत नाही. संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरलेली नसेल, तर पहाटे चारला थंडी वाजणारच. जवळच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये वीजजोडणी मिळते. तिथेही हेच घडले, तर बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. खांबाला जोडलेले असताना तो १३ च्या वर हवा. बाराच्या खाली असेल, तर बॅटरी भरणारा कन्व्हर्टर काम करत नाही असे समजावे.

व्होल्टेज ठीक असूनही टकटक नसेल, तर वाऱ्याची वाट अडली आहे का ते पाहावे. खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या जाळीसमोर सामानाची बॅग ठेवलेली असते, गरम हवा जिथून येते ती जमिनीवरची झाकणे मुलांनी बंद केलेली असतात, किंवा पत्रीत कुत्र्याचे केस अडकलेले असतात. बाहेरच्या धुराड्यात कुंभारीण माशीने मातीचे घर केले असेल, तर ज्योत नीट जळत नाही. उन्हाळाभर उभ्या असलेल्या गाडीत हे बऱ्याचदा आढळते.

टकटक होते पण ज्योत धरत नाही, तेव्हा आधी स्वयंपाकाची शेगडी पेटवून पाहावी. तीही नीट पेटली नाही तर प्रश्न गॅसचा आहे: सिलिंडर रिकामा असेल किंवा त्याचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यामुळे आतल्या सुरक्षा-व्यवस्थेने प्रवाह रोखला असेल. व्हॉल्व्ह बंद करून थोडे थांबावे आणि मग अगदी सावकाश उघडावा. शेगडी व्यवस्थित आहे आणि फर्नेस तरीही पेटत नाही, किंवा पेटून लगेच विझते, तर ठिणगी देणारा इलेक्ट्रोड, बोर्ड किंवा गॅसचा दाब तपासावा लागतो आणि ते तंत्रज्ञाचे काम आहे. गाडी भाड्याची असेल तर कंपनीला फोन लावावा. सेल स्विच किंवा जास्त तापल्यावर फर्नेस बंद करणारा लिमिट स्विच तारेने जोडून टाकण्याचे ‘उपाय’ इंटरनेटवर सर्रास दाखवतात. ते करू नयेत, कारण वारा नसताना गॅस पेटू न देणे आणि फर्नेस जास्त तापू न देणे हेच त्या स्विचांचे काम आहे.

फर्नेस बंद म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटवून गाडी तापवण्याचा विचारही नको. एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचायला वेळ लागत नाही. त्याचा डिटेक्टर चाचणीचे बटण दाबून वाजवून पाहावा आणि त्याच्या पाठीवर छापलेली तारीखही वाचावी, कारण हे डिटेक्टर साधारण पाच ते सात वर्षांत निकामी होतात आणि मुदत संपलेल्या यंत्राचे बटण दाबले तरी काही वेळा ते वाजते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीलगत असतो; त्याच्यापुढे चपला आणि पिशव्यांचा ढीग लावू नये. गॅसचा वास आलाच तर कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नये. सगळ्यांनी बाहेर पडावे, बाहेरून सिलिंडर बंद करावा आणि लांब जाऊन फोन करावा.

राहिला बाहेर पडण्याचा मार्ग. गाडीच्या भिंती पातळ फळी आणि फोमच्या असतात, त्यामुळे आग पसरायला फार थोडा अवधी लागतो. अग्निशामक दाराजवळ बसवलेला असतो, तो पाठ दाराकडे ठेवून वापरता यावा म्हणून. एका दमात आग आटोक्यात आली नाही, तर तो टाकून बाहेर पडावे आणि ९११ ला फोन करावा. मागच्या पलंगाजवळची लाल कडीची खिडकी हा दुसरा दरवाजा आहे. गाडी ताब्यात घेतानाच ती एकदा पूर्ण उघडून पाहावी, कारण वर्षानुवर्षे न उघडल्यामुळे तिचे रबर चिकटून बसते. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना त्या उंचीवरून खाली उतरता येईल का, हेही तेव्हाच पाहावे. येत नसेल, तर त्यांचा बिछाना दाराजवळ घालावा आणि मुलांना मागे झोपवावे.