तल्लीताल ते मल्लीताल

(पहाट. धुकं. वल्ह्यांचा आवाज.)

काठगोदामला रेल्वे संपते. पुढे नैनीतालपर्यंत पस्तीसेक किलोमीटर नुसती वळणं. पोटात ढवळून निघालेलं असतं, तेवढ्यात बस एका गजबजलेल्या चौकात थांबते आणि समोर पाणीच पाणी. सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळतात. आपण जरा पायाखाली बघू.

या जागेला इथली माणसं 'डांठ' म्हणतात. खाली दरवाजे आहेत. पावसाळ्यात सरोवर भरलं की ते उघडतात; जादा पाणी बलिया नाल्यातून डोंगर उतरतं आणि गौला नदीकडे जातं. म्हणजे नैनीतालमध्ये आपलं पहिलं पाऊल पडतं ते सरोवराच्या तोटीवर!

हे तल्लीताल. कुमाऊंनीत तल्ली म्हणजे खालची, मल्ली म्हणजे वरची बाजू. मल्लीताल समोर, दीडेक किलोमीटरवर. मधे मॉल रोड: एका हाताला हॉटेलं, दुसऱ्या हाताला पाणी.

(नाव पाण्याच्या मध्यावर. चारी बाजूंना डोंगर.)

सतीचा डोळा इथे पडला, म्हणून नैनादेवी आणि म्हणून नैनीताल, अशी कथा आहे. १८४१ साली बॅरन नावाचा साखरेचा एक इंग्रज व्यापारी इथे आला आणि जागेचा 'शोध' लागल्याची नोंद झाली. डोंगरातल्या लोकांना हे ताल आधीपासून ठाऊक होतं, ते पूजतही होते. पण बंगले बांधायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. साहेबाच्या आलं. १८६२मध्ये तर वायव्य प्रांताची, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडच्या मुलखाची, उन्हाळी राजधानीच इथे आली.

(मल्लीताल. फ्लॅट्स. फुटबॉल, पोरांचा कल्ला.)

हे मैदान, फ्लॅट्स. कडेला तिबेटी बाजार, पलीकडे नैनादेवीचं देऊळ. एवढ्या उभ्या डोंगरात एवढी सपाट जागा आली कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

सप्टेंबर १८८०. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. १८ तारखेला सकाळी शेर का डांडाच्या उतारावरून दरड सुटली आणि व्हिक्टोरिया हॉटेलच्या आवारात घुसली. अडकलेल्यांना काढायला माणसं धावली, शिपाई आले, उकरणं सुरू झालं. दुपारी अख्खा उतारच खाली आला. हॉटेल गेलं, खालच्या इमारती गेल्या, देऊळ गेलं, आणि उकरणारेही गेले. १५१ माणसं. तो मलबा सरोवराच्या या टोकापर्यंत आला, त्यावर मैदान पसरलं.

चेंडू आता त्याच्यावरून धावतोय.

(डोंगरउतारावरचे दगडी नाले.)

त्या दिवसानंतर इंग्रजांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. डोंगरभर दगडी नाले बांधले. पाणी उतारात मुरून माती सैल करण्याआधीच त्याला सरोवराकडे न्यायचं, हा हिशोब. गाव आजही त्यांच्यावर उभं आहे. पण त्याच नाल्यांतून बांधकामाची माती, कचरा, सांडपाणीही खाली येतं, आणि गाव पिण्याचं पाणी घेतं ते याच सरोवरातून आणि काठालगतच्या विहिरींतून. आपण हॉटेलात नळ सोडतो तेव्हा खिडकीतला देखावाच बादलीत पडत असतो.

सरोवराला पाणी देणारं सुखाताल मात्र वर, डोंगराच्या कुशीत, पर्यटकांच्या नजरेआड. पावसात भरतं, एरवी कोरडं. ते पाणी जमिनीतून झिरपत खाली येतं. कोरडी जागा दिसली की माणसाला घर सुचतं. सुखातालच्या पात्रातही तेच झालं.

ऑगस्ट २०१८मध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा सरोवरात कोसळला. रस्ता दुरुस्त झाला, गर्दी परतली.

(पुन्हा नाव. संध्याकाळ. दिवे लागतायत.)

नावाडी वल्ही आडवी ठेवतो. पाण्यावर एके ठिकाणी बुडबुड्यांची वर्तुळं दिसतात. मासे नाहीत ते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि तळाच्या गार पाण्यात मिसळत नाही. त्यात सांडपाण्याची भर, म्हणून तळाचा प्राणवायू संपतो. थंडीत वरचं पाणी गार झालं की सगळं पुन्हा एक होतं. तोवर धीर धरवणार नाही अशी सरोवराची अवस्था झाली, तेव्हा २००७पासून काठावरच्या यंत्रांनी तळाशी हवा सोडायला सुरुवात केली.

काठावर दिव्यांची माळ पेटते. नावेतले सगळे तिकडे वळून फोटो काढतात. मागे, अंधारात, बुडबुडे वर येत राहतात.