ढोलवाल्याचं तोंड दिसलं पाहिजे

मी क्लॅरनेट वाजवतो. लग्नसराईत बँडमध्ये, श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीत आणि अलीकडे अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला. आज मी स्टुडिओबद्दल बोलणार आहे. इथे पुढे बसलेल्या पोरांपैकी बरेच जण वर्षा-दोन वर्षांत आपलं गाणं घेऊन जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या एखाद्या स्टुडिओत जातील. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जे चुकलो, ते तुम्ही चुकू नये एवढ्यासाठी मी आलो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बँड नऊ जणांचा होता. दोन क्लॅरनेट, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, कीबोर्ड, साइड ड्रम, ताशा आणि ढोल. स्टुडिओवाल्याने सांगितलं, एकेक जण आत या, कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टकटक, देतो, त्यावर वाजवा, बाकीच्यांनी बाहेर बसा. आम्हाला वाटलं, शहरात असंच करत असतील. सगळ्यात आधी ताशावाल्याला आत घातलं. बंद खोली, कानात हेडफोन, त्यात टक टक टक टक. जो माणूस परण्या निघाला की नवरदेवाच्या घोड्यापुढे तीन तास न थांबता वाजवतो, तो दोन मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "माले ढोलवालानं तोंड दिखत नही, मंग मी कसा वाजाडू?"

तेव्हा मला वाटलं, घाबरला असेल. संध्याकाळी सगळे ट्रॅक एकत्र ऐकले. प्रत्येकाचं बरोबर होतं, कुठे सूर गेला नव्हता, कुठे मात्रा पडली नव्हती. तरी त्या गाण्यावर कोणाचा पाय हलेना. गाणं यूट्यूबवर गेलं, लोकांनी पाहिलंही, पण आमच्यापैकी कोणी ते आपल्या घरी लावलं नाही. ताशावाल्याचं म्हणणं पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं.

रस्त्यावर बँड कसा चालतो बघा. पुढे क्लॅरनेट-ट्रम्पेट, मध्ये बाकीचा बाजा, मागे ढोल. पुढच्या माणसापासून मागच्यापर्यंत सहज चाळीस फूट अंतर पडतं. आवाज एका सेकंदाला सुमारे अकराशे तीस फूट जातो. म्हणजे ढोलाचा ठोका माझ्या कानापर्यंत यायला जवळजवळ पस्तीस मिलिसेकंद लागतात. आम्ही ते कधी मोजलं नाही, पण वर्षानुवर्षं सांभाळत आलो. मागे वळून ढोलवाल्याचा हात वर गेलेला पाहायचा आणि त्या हाताबरोबर फुंक सोडायची. ठोका कानावर येण्याआधी डोळ्याला कळलेला असतो. ताशावाला मागत होता ते हेच, आणि आम्ही त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

क्लिकबद्दलही सांगतो, कारण त्यावर फार वाद होतात. मी क्लिकच्या विरोधात नाही. मागून कोरस लावायचा असेल, व्हिडिओवाल्याला कापाकापी करायची असेल, तर ती लागते. पण आमच्या गाण्याची लय सरळ रेषेत चालत नाही. आम्ही मोकळ्यावर वाजवलेलं तेच गाणं मी मोबाईलवर टॅप करून मोजलं. मुखडा मिनिटाला १०४ ठोक्यांनी सुरू झाला होता आणि शेवटच्या अंतऱ्याला ११० च्या आसपास पोचला होता. हा दोष समजू नका. नाचणारा तापतो तशी लय तापते. पुढच्या वेळी आम्ही रेकॉर्डिस्टला तेच सांगितलं. त्याने क्लिकच तशी आखली, अंतऱ्याअंतऱ्याला एकदोनने चढणारी, आणि ती फक्त साइड ड्रमवाल्याच्या कानात दिली. बाकीचे आठ जण त्याच्याकडे बघून वाजवत होते.

दुसऱ्या वेळी आम्ही सगळे एकाच वेळी वाजवायचं ठरवलं. जागा होती धुळ्यात देवपूरला, एका घराच्या तळमजल्यावर. एक मोठी खोली, एक छोटी, मध्ये बोळ. ढोल बोळात बसवला आणि दार अर्धं उघडं ठेवलं. ताशा मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात, त्याच्या दोन बाजूंना दोरी बांधून घरून आणलेल्या गोधड्या टांगल्या. गोधड्या छातीपर्यंतच ठेवल्या, म्हणजे डोळ्याला डोळा भिडेल. गाणारी बाई छोट्या खोलीत, काचेपलीकडे. ती त्या दिवशी आम्हाला आधार म्हणून गायली, पक्का आवाज दुसऱ्या दिवशी घेतला.

आता तुम्ही विचाराल, सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माईकमध्ये शिरणार, त्याचं काय? शिरतो. थोडा शिरू द्यायचा. फक्त माईक ठेवायचा हिशोब पाळायचा. माझा माईक माझ्यापासून एक फुटावर असेल, तर शेजारच्याचा माईक माझ्या माईकपासून निदान तीन फूट लांब हवा. एवढं सांभाळलं की मिसळलेला आवाज गढूळ होत नाही. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माईकच नव्हता. एक कर्णा आणि समोर मेणाची तबकडी, बस. ज्याचा आवाज मोठा त्याला कर्ण्यापासून लांब बसवायचं, ज्याचा बारीक त्याला जवळ, एवढंच मिक्सिंग. विजेवर चालणारा माईक रेकॉर्डिंगमध्ये आला १९२५ च्या सुमारास. तोपर्यंत सगळं गाणं-बजावणं एका खोलीत, एका दमात नोंदलं जायचं. आमची बोळातली मांडणी त्याच जातीची आहे, फक्त माईक जास्त.

माईक कुठे ठेवायचा, यात दोन गोष्टी माझ्या जिव्हाळ्याच्या आहेत. एक क्लॅरनेटची. नवा रेकॉर्डिस्ट हमखास माईक खालच्या भोंग्याला लावतो, कारण ट्रम्पेटचा आवाज तिथूनच येतो. क्लॅरनेटचा तसा येत नाही. बहुतेक सूर बोटांखालच्या भोकांतूनच बाहेर पडतात, भोंग्यातून फक्त अगदी खालचे. म्हणून माईक वर, बोटांच्या समोर, हात-सव्वा हातावर हवा. भोंग्याला लावला तर एक सूर अंगावर येतो आणि दुसरा गायब होतो, आणि मग आपलंच वाजवणं कच्चं वाटायला लागतं. हे तोंडाने सांगा. लाजू नका.

दुसरी ढोलाची. ढोलाला दोन्ही बाजूंना माईक लावले आणि दोन्ही एकत्र ऐकले, तर ढोलाचा जाड आवाज पोकळ झाला. आम्ही घाबरलो, वाटलं पान, म्हणजे ढोलाचं कातडं, ढिलं पडलं. रेकॉर्डिस्टने एका माईकचं फेजचं, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणारं, बटण दाबलं आणि ढोल परत खोलीत आला. एका बाजूला काडी पडली की ते पान आत जातं, तेव्हा दुसरं बाहेर येतं. दोन माईक उलटसुलट ऐकतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. त्या बटणाआधी आणि बटणानंतर असं दोनदा ऐकवायला सांगा, कान कायमचा तयार होईल.

आता सुराचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो आणि त्याच दिवसांत आपण जास्तीत जास्त वाजवतो. हवा गरम झाली की फुंकायच्या वाद्याचा सूर चढतो. एका अंशाला सुमारे तीन सेंट, आणि शंभर सेंटचा एक अर्धा सूर. आपला श्वास आतली हवा गरम ठेवतो म्हणून पूर्ण फरक पडत नाही, पण पडतो. बाहेर उन्हात चढलेला बाजा घेऊन आम्ही एसीच्या खोलीत शिरलो. बाजा उतरला आणि कीबोर्ड आपला ४४० वर, म्हणजे ठरलेल्या सुरावर, ठाम. पहिला तास याच भांडणात गेला, आणि तासाचे पैसे द्यावे लागतात हे लक्षात ठेवा. आता आम्ही आधी वीस मिनिटं त्याच खोलीत नुसते सूर धरतो, मग एसी बंद करतो, कारण त्याची घरघरही माईकमध्ये जाते, आणि शेवटी कीबोर्ड बाजाच्या सुराला आणतो. कीबोर्डचा सूर दोन बटणांत हलतो. नऊ जणांचे ओठ तसे हलत नाहीत.

पट्टी मात्र घरीच ठरवून जा. आमची गाणारी बाई पांढरी तीनवर, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, अडून होती. आमचं क्लॅरनेट बी फ्लॅटचं, म्हणजे आपण सा म्हणून सी धरला की वाजते काळी पाच. पांढरी तीनला मला एफ शार्पमध्ये वाजवावं लागतं, सहा शार्पांचा डोंगर. अर्धा सूर खाली, काळी दोनला आलो की तेच एफमध्ये बसतं. बाईंना अर्ध्या सुराने काही फरक पडला नाही, आम्हाला मात्र अख्खा दिवस मोकळा झाला.

कोरसच्या बायका गावाहून आल्या होत्या. कानबाईची गाणी रात्र रात्र म्हणणाऱ्या. त्यांना माईकपुढे उभं केलं तर आवाज गळ्यातच अडकला. सतरंजी टाकली, खाली बसवलं, माईक मध्ये उतरवला, हेडफोन फक्त एकीला दिला. दुसऱ्याच टेकला, म्हणजे दुसऱ्याच वेळच्या रेकॉर्डिंगला, झालं.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. गाणं टाकताना खाली गायकाचं नाव असतं, नाचणाऱ्यांचं, ड्रोनवाल्याचंही असतं. वाजवणाऱ्यांची नावं टाका. ताशा कोणाचा, ढोल कोणाचा, गावासकट. माझ्या पहिल्या चार गाण्यांवर आमच्यापैकी एकाचंही नाव नाही. माझी मुलगी ते गाणं शाळेत मैत्रिणींना दाखवायला गेली, तेव्हा यात तुझे पप्पा कुठे आहेत, असं तिला विचारलं गेलं. तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

देवपूरला त्या दिवशी सातवा टेक चांगला झाला. रेकॉर्डिस्टने सगळ्यांना आत बोलावून मोठ्या स्पीकरवर लावला. आमचे ढोलवाले आप्पा दाराशी उभे राहिले, डोळे मिटून. गाणं संपलं तरी बोलेनात. मग म्हणाले, "तीस वरीस मी मांगेच ऱ्हायनू. आपला बँड पुढतून कसा वाजस, ते आज आयकं."

कोणी काही बोललं नाही. आप्पांनी परत एकदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, दुसऱ्या अंतऱ्याला तू माझ्या आधी निघतोस. ऐकलं, खरंच निघत होतो. गोधड्या परत नीट केल्या, आप्पा बोळात जाऊन बसले, मी माझी खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड केलं आणि आम्ही आठवा टेक घेतला.