ओळखीच्या गावात अनामिक

(कोल्हापुरात पालक आणि तालीम-मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर एका समुपदेशकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. महानगरपालिका असली म्हणून काय झालं, कोल्हापूर हे गावच आहे. रंकाळ्यावर पोरगा कुणाबरोबर बसला होता, हे तो घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असतं. त्यामुळं नशा सोडायच्या मीटिंगचं नाव काढलं की "तिथं काय करतात?" असं इथं कुणी विचारत नाही. "तिथं ओळखीचं कोण भेटलं तर?" असं विचारतात. गांजा, एमडी म्हणजे मेफेड्रोन, गोळ्या, हल्ली जिमच्या नावाखाली टोचून घेतली जाणारी इंजेक्शनं, या सगळ्यांवर व्याख्यानं भरपूर होतात. मी आज या एका भीतीवर बोलणार आहे, कारण मीटिंगच्या दारापर्यंत येऊन माघारी गेलेली पोरं मी बघितली आहेत.

ही मीटिंग आली कुठून ते आधी थोडक्यात. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुडे एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून लांब राहायला लागले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, उभी राहिली. तीच रीत घेऊन 1953 मध्ये कॅलिफोर्नियात नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एनए, सुरू झाली. एनएमध्ये तुम्ही काय घेत होता याला महत्त्व नाही, आणि दारूही त्यांच्या लेखी ड्रगच. हे मुद्दाम सांगतोय. "एमडी सोडली सर, आता फक्त बिअर," असं पोरं मला छाती फुगवून सांगतात. आत जायला अट एकच, नशा थांबवायची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. म्हणजे कुणा भाऊ-दादाला फ्लेक्सवर 'सौजन्य' लिहायची सोयच ठेवलेली नाही, आणि आपल्याकडं ही मोठीच गोष्ट झाली!

आता शोधायची कशी? पत्ता मी इथून सांगणार नाही, कारण जागा आणि वेळा बदलतात, आणि बंद दारासमोर उभा राहिलेला नवखा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. एनएच्या संकेतस्थळावर गावानुसार मीटिंग बघता येते. तिथला फोन लावा आणि आजची मीटिंग आहे ना, एवढं विचारा. फोन उचलणाराही बहुतेक वेळा स्वतः त्यातून गेलेला असतो, त्यामुळं समोरून भाषण ऐकावं लागत नाही. नशामुक्तीसाठी सरकारची 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, त्यावर समुपदेशन मिळतं आणि जवळच्या उपचाराची माहितीही. पोरगा केंद्रात राहून आला असेल तर तिथल्या समुपदेशकाला फॉलोअपचं विचारा. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय, आणि उपचार संपल्यावर माणूस पुन्हा पुन्हा येत राहिला पाहिजे, हा विचार आपल्या राज्यात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आठवड्यातून एकच मीटिंग जवळ असेल तर बाकीच्या दिवशी मोबाइलवर ऑनलाइन बसता येतं. पण एकदा तरी प्रत्यक्ष जा, कारण स्क्रीनवर कॅमेरा बंद करून झोपता येतं.

एक धोक्याची गोष्ट आहे, ती नीट ऐका. रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यानं मीटिंगच्या उत्साहात एकदम सगळं बंद करायचं नाही. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरकडं न्या. आणि ब्राऊन शुगरसारखी नशा काही दिवस थांबवून पुन्हा जुन्याच मापानं घेतली, तर शरीराची सवय मोडलेली असते आणि श्वास थांबतो. मीटिंग ही औषधाची जागा घेत नाही. तिथं एखादा जुना सदस्य छातीठोकपणे सांगेल की, "गोळी चालू म्हणजे तू क्लीन नाहीस." ऐकून घ्या आणि सोडून द्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारूनच कमी करायचं.

आता त्या भीतीकडं येतो. आपल्या पोरांच्या गाड्यांवर मागं पेठेचं नाव असतं, तालमीचं असतं, फुटबॉल संघाचं असतं. एक पोरगा गाडी एसटी स्टँडजवळ लावून मीटिंगला चालत जायचा, तेही रुमाल तोंडाला बांधून. आत गेला, खुर्चीवर टेकला, समोर बघतो तर शाहू स्टेडियमवर ज्याच्याशी दोनदा हातघाईवर आला होता, तो विरुद्ध संघाचा पोरगा! दोघांनी माना खाली घातल्या. तासभर कुणी कुणाकडं बघितलं नाही. मीटिंग सुटल्यावर चहाचा कप हातात घेऊन तो दुसराच जवळ आला आणि म्हणाला, "भावा, तू मला बघितलंस, मी तुला बघितलं. फिट्टंफाट." हा किस्सा दोघांना विचारून, पेठांची नावं गाळून सांगतोय.

सगळं यातच आलं. त्या खोलीत ज्यानं तुम्हाला ओळखलं, तोही तिथं मीटिंगलाच आलेला असतो. त्याला तुमची बातमी फोडायची तर स्वतःची आधी फोडावी लागेल. खरी भीती असली तर ती टपरीवरच्या मंडळींची आहे, कारण तुम्ही कुठं जाता हे त्यांना कळतं आणि त्यांचं काहीच पणाला लागलेलं नसतं. तरीही अगदीच धीर होत नसेल तर पहिल्या काही वेळा सांगली, मिरज किंवा इचलकरंजीला जा. एसटीचं तिकीट बुडालं तरी चालेल. पण कायम लांबची मीटिंग धरू नका. रात्री अकराला तलफ आली की इचलकरंजीचा माणूस दहा मिनिटांत तुमच्या कोपऱ्यावर येऊ शकत नाही, पलीकडच्या पेठेतला येतो.

आत काय होतं? "मी अमुक, मी ॲडिक्ट," म्हणून एकेक जण बोलतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं, "आज ऐकतो" एवढं म्हणायचं. नव्याला पांढरा की-टॅग देतात. पुढं महिन्याला, दोन महिन्यांना, तीन महिन्यांना रंग बदलत जातो. 'ईश्वर' हा शब्द कानावर येईल. विवेकवादी कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांच्या गावात त्यावर भुवया उंचावणार, ठाऊक आहे मला! पण ज्याला जशी समजेल तशी शक्ती, असं ते मानतात. कित्येकांसाठी समोरचा गटच ती शक्ती असतो. पहिली मीटिंग बहुतेकांना कंटाळवाणी वाटते. कधी एखादा माणूस अर्धा तास स्वतःचंच पुराण लावतो. म्हणून एकीवरून मत बनवू नका. चार-पाच वेळा जा, जमलं तर वेगळ्या गटातही बसून बघा.

उपयोग होतो का, असं डॉक्टर मंडळी विचारतात. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2020 मध्ये 27 अभ्यासांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि तिकडं वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे, काही बाबतींत सरस ठरले. हा पुरावा दारूचा आहे. इतर नशांबाबत तेवढ्या ठामपणे मी बोलणार नाही.

प्रश्न आलाय, मागं बसलेल्या ताईंचा. "मी पोराला ओढून नेऊ का?" ताई, एकदा गाडीवर सोडायला जा, पण त्याच्या वतीनं आत बसू नका. बंद मीटिंग फक्त नशा सोडू बघणाऱ्यांसाठी असते. खुली असेल त्या दिवशी तुम्हीही जाऊ शकता. घरच्यांसाठी नार-ॲनॉन (ड्रग घेणाऱ्यांच्या) आणि अल-ॲनॉन (दारू पिणाऱ्यांच्या) असे वेगळे गट आहेत. पोरगा तयार नसला तरी तुम्ही आजपासून तिथं जायला सुरुवात करा. त्याच्या खिशात हात घालून पुड्या शोधणं थांबल्यावर तुम्हाला जी झोप लागेल, ती त्याच्या परवानगीवर अवलंबून नाही.

आणि ही चिठ्ठी, नाव नाही. "तिथं गेलो तर पोलिसांत नोंद होईल का?" नाही. हजेरीपट नसतोच. शिवाय 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64-अ आहे. स्वतः वापरल्याच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वेच्छेनं सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात, आणि नुसत्या मीटिंगला बसणं म्हणजे या कलमातला उपचार नव्हे. विक्रीच्या गुन्ह्याला हे लागू नाही. आधीच केस असेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरणाकडं चौकशी करा, पात्र असाल तर वकील मोफत मिळतो. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं हवं तर सगळे गेल्यावर थांबावं, मी खुर्च्या आवरेपर्यंत इथंच आहे.