‘ॲडिशन’ म्हणजे बेरीज नव्हे

मंडळी, कॉलेजात शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ लागलं तेव्हा मी दोनशे पानी वही केली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पहिला अंक संपला तेव्हा निम्मी वही भरली होती, आणि नाटक मात्र डोक्यात शिरलं नव्हतं. पुढे शिकवायला लागलो, तेव्हा मुलांच्या हातात तशाच वह्या दिसायला लागल्या. आज बोलायचंय ते त्या वहीबद्दल.

तिच्यातला सगळ्यांत दांडगा शब्द ‘इनकार्नडाइन’. डंकन राजाचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो आणि रक्तानं माखलेल्या हाताकडे बघतो. समुद्रदेव नेपच्यूनच्या अख्ख्या महासागरानं तरी हे रक्त धुऊन निघेल का? छे, उलट हा हातच ‘द मल्टिट्यूडिनस सीज इनकार्नडाइन, मेकिंग द ग्रीन वन रेड.’ मुलं ‘इनकार्नडाइन’पाशी अडतात आणि कोश उघडतात. अरे, पुढचे पाच शब्द तरी वाचा! हिरव्याचं सगळं लाल करून टाकील, असं तो स्वतःच सांगतोय. आधी लॅटिन वळणाचे दोन लांबलचक शब्द, आणि पाठोपाठ बाजारातले, तोकडे. कीर्तनकार ‘आरक्त’ म्हणतात आणि श्वास न घेता ‘म्हणजे लालभडक बरं का’ म्हणतात, तसंच.

शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब थिएटरात एक पेनी देऊन उभ्यानं नाटक बघणाऱ्यांच्या खिशात कोश नसायचा. सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषानं 1611 मध्ये तिथं हे नाटक पाहिलं आणि टिपून ठेवलं. त्याच्या टिपणात काय आहे? हातावरचं रक्त काही केल्या धुतलं जाईना. झालं, एवढं कळलं की पुरे.

तसा या शब्दाचा इतिहास गमतीचा आहे. मुळाशी लॅटिनमधलं मांस. आधी हे नुसतं विशेषण होतं, फिकट मांसल गुलाबी रंगाचं. शेक्सपिअरनं त्याचं क्रियापद केलं आणि समुद्रावर ओतलं. आज त्याला ‘रक्तासारखा लाल’ हा अर्थ चिकटलाय, तो या ओळीमुळे.

खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द. ते वहीत कधी येतच नाहीत. रॉस नावाचा सरदार येऊन मॅकबेथला सांगतो की राजानं तुला कॉडॉरचा सरदार केलंय, आणि ‘इन विच ॲडिशन, हेल’ म्हणतो. एका मुलानं लिहिलं होतं, ‘या बेरजेत तुझा जयजयकार असो.’ मी हसलो नाही, कारण माझ्या वहीत तर तो शब्दच नव्हता. ‘ॲडिशन’ म्हणजे तिथे किताब, नावापुढे लागलेली पदवी. ‘पिटिफुल डे’ म्हणजे केविलवाणा दिवस नव्हे, दयाळू दिवस. आणि नाटकातल्या त्या तीन चेटकिणी, ‘वीअर्ड सिस्टर्स’, या विचित्र बहिणी नव्हेत. जुन्या इंग्रजीत ‘विर्ड’ म्हणजे दैव. दैवाच्या बहिणी त्या. विचित्र हा अर्थ पुढे त्यांच्याच अवतारावरून रूढ झाला.

आपल्याला हे नवं नाही. ‘जे खळांची व्यंकटी सांडो.’ यातल्या ‘व्यंकटी’पाशी सगळे थबकतात, अर्थ विचारतात. ‘सांडो’ला कोणी विचारत नाही. आज दूध सांडतं, पाणी सांडतं. पण ज्ञानेश्वर म्हणतायत, दुष्टांचा वाकडेपणा गळून जावो.

आता एक शब्द मात्र खरोखर शोधून काढावा असा. खुनाआधी मॅकबेथ स्वतःशी बोलतो, तेव्हा सुरुवातीला खुनाचं नाव घेत नाही. ‘ते’ म्हणतो, ‘ते उरकलं की संपलं असतं तर’ म्हणतो. मग म्हणतो, या कृत्यानं परिणामांना ‘ट्रॅमल अप’ करता आलं असतं तर! ट्रॅमल म्हणजे जाळं. मासेमारीत ट्रॅमल नेट आजही वापरतात: बाहेरचे दोन पदर मोठ्या आसांचे, मधला बारीक आसांचा. मासा मोठ्या आसातून आत घुसतो आणि मधल्या पदरासकट पलीकडे जाऊन पिशवीत अडकल्यासारखा होतो. कोशात ‘अडवणे’ एवढाच अर्थ लिहून घेतला, तर हे जाळं दिसत नाही. परिणाम मासळीसारखे धरून ठेवू पाहणारा हा माणूस स्वतःच कुठे घुसतोय, तेही दिसत नाही.

शेवटी पाचव्या अंकाकडे या. समुद्र लाल करायला निघालेल्या नवऱ्याला ‘थोडं पाणी घेतलं की निघेल’ असं सांगणारी लेडी मॅकबेथ आता झोपेत चालतेय, हात चोळतेय. म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कोणाला वाटलं होतं, म्हणते. अरबस्तानातली सगळी अत्तरं हा एवढासा हात सुगंधी करू शकणार नाहीत, म्हणते. ‘मल्टिट्यूडिनस’ नाही, ‘इनकार्नडाइन’ नाही. माझ्या वहीत त्या प्रवेशाचं पान जवळजवळ कोरं आहे. परीक्षेसाठी मी तो प्रवेश सोपा म्हणून ऑप्शनला टाकला होता.